दुसरे यशवंतराव होळकर

दुसरे यशवंतराव होळकर (६ सप्टेंबर, इ.स. १९०८:इंदूर - ५ डिसेंबर, इ.स. १९६१:मुंबई) हे इंदूर संस्थानाचे अखेरचे सत्ताधारी महाराज होते. इ.स. १९२६ ते इ.स. १९४८ या काळात ते होळकरांच्या गादीवर होते. संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झाल्यानंतर इ.स. १९५६ पर्यंत त्यांनी त्या राज्याचे उपराजप्रमुखपद सांभाळले. इंदूर येथील माणिकबाग हा आधुनिकतावादी शैलीचा राजवाडा, त्यातील दिवाणखाने, शयनगृहे व भोजनगृह यांची सजावट आणि कॉन्स्टँटिन ब्रांकुशी या शिल्पकाराच्या कलाकृतींचा संग्रह यांमुळे विसाव्या शतकातील कलेच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. होळकर क्रिकेट संघाचे आश्रयदाते म्हणूनही ते ओळखले जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांशी झुंजलेले पहिले यशवंतराव होळकर आणि प्रस्तुत लेखाचा विषय असलेले यशवंतराव या दोन भिन्न व्यक्ती होत.

पार्श्वभूमी

सुभेदार मल्हारराव होळकर यांनी माळव्यात स्थापन केलेल्या होळकर घराण्याची राजधानी अहिल्याबाई होळकरांच्या काळात नर्मदाकाठी महेश्वर येथे होती. इ.स. १८१८ नंतर ती इंदूरला आली. ब्रिटिश अमदानीत इंदूर हे एकोणीस तोफांच्या सलामीचे संस्थान होते. संस्थानाच्या हद्दीत ही सलामी एकवीस तोफांची असे. शहराच्या मध्यभागी असलेला सात मजली राजवाडा हे घराण्याच्या परंपरेचे मुख्य स्थान होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खान नदीच्या काठी लालबाग या राजवाड्याचे बांधकाम सुरू झाले. ते इ.स. १९२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले. लालबागेचे प्रवेशद्वार लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर केलेले असून आतील दालनांत रंगविलेली छते, सोनेरी नक्षी, संगमरवर आणि झुंबरे यांची रेलचेल आहे. या वाड्याचे स्वयंपाकघर नदीच्या पलीकडील काठावर ठेवण्यात आले होते. मुख्य वाड्याशी ते भुयारी मार्गाने जोडलेले होते. यशवंतरावांचे बालपण अशा वैभवशाली वास्तूंच्या सान्निध्यात गेले.

त्यांचे वडील तिसरे तुकोजीराव होळकर यांना नगररचनेची आस्था होती. त्यांच्याच काळात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारासाठी शहराच्या विकासाचा अहवाल तयार केला आणि तो इ.स. १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी तज्ज्ञाला बोलावून त्याच्या हाती शहराचा किंवा वाड्याचा आराखडा सोपविण्याची प्रथा इंदुरात यशवंतरावांच्या आधीच रुजलेली होती.

बालपण, शिक्षण व विवाह

यशवंतरावांचा जन्म इंदूर येथे झाला. त्यांच्या मातोश्रींचे नाव चंद्रावतीबाई होते. लहान वयातच त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. तेथील चीम व चार्टरहाउस या शाळांत आणि पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. इ.स. १९२४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी वर सोळा वर्षांचाही झालेला नव्हता आणि वधू दहा वर्षांच्या सुमारास होती. विवाहानंतर संयोगिताराजे यांचेही बरेचसे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. उभयतांच्या आवडीनिवडी एकमेकांच्या सहवासात आणि युरोपच्या वातावरणात घडत गेल्या.

राज्यारोहण

यशवंतरावांना गादी मिळाली ती एका दुर्दैवी प्रकरणामुळे. १२ जानेवारी, इ.स. १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला झाला. त्याच्यासोबत असलेली मुमताज बेगम ही नर्तकी पूर्वी इंदूर दरबारी होती आणि तेथून निघून आली होती. तिला पळवून नेण्याच्या त्या प्रयत्नात बावलाचा खून झाला. योगायोगाने तेथे आलेल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमुळे मुमताजची सुटका झाली व हल्लेखोर पकडले गेले. त्यांचा इंदूरशी संबंध उघड होताच ब्रिटिश सरकारने तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवले: चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी. तुकोजीरावांनी २६ फेब्रुवारी, इ.स. १९२६ रोजी पदत्याग केला आणि सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले.

ते अल्पवयीन असल्याने कारभार मंत्रिमंडळाकडे राहिला. सिरेमल बापना यांनी इ.स. १९२६ ते इ.स. १९३९ या काळात पंतप्रधान म्हणून राज्याची घडी बसविली. यशवंतराव पुन्हा ऑक्सफर्डला गेले. ९ मे, इ.स. १९३० रोजी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. वडिलांच्या काळातील बदनामीचा डाग गादीवर ताजा असताना अधिकारावर आलेल्या या तरुण राजाने लालबागेत न राहता स्वतःसाठी सर्वस्वी वेगळ्या प्रकारचे घर बांधण्याचे ठरविले.

युरोपातील आधुनिक कलेशी परिचय

यशवंतरावांचे शिक्षक मार्सेल हार्डी यांच्यामार्फत त्यांची ओळख आंरी-पिएर रोशे या फ्रेंच लेखकाशी झाली. रोशे पॅरिसमधील चित्रकार, शिल्पकार व संग्राहक यांच्यातील दुवा होते. पुढे त्यांची 'ज्यूल ए जिम' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. रोशे यांनी यशवंतरावांना पॅरिसमधील कलाकारांच्या कार्यशाळा दाखविल्या, तसेच जाक दुसे या वस्त्रकार संग्राहकाचे घरही दाखविले. उत्तम कारागिरीच्या आधुनिक वस्तूंनी संपूर्ण घर कसे एकसंध करता येते, याचा तो नमुना होता.

याच सुमारास ऑक्सफर्ड येथे यशवंतरावांचा परिचय एकार्ट मुथेसियस (इ.स. १९०४ - इ.स. १९८९) या जर्मन वास्तुविशारदाशी झाला. दोघांच्या वयात चार वर्षांचे अंतर होते. मैत्री जमली आणि तिच्यातूनच माणिकबागेचे काम निघाले. मोठ्या कामाचा फारसा अनुभव नसलेल्या तरुणावर महाराजांनी टाकलेला हा विश्वास उल्लेखनीय होय.

सजावटीच्या या परंपरेचे मूळ

एकार्ट मुथेसियस ज्या परंपरेत वाढला ती समजल्याशिवाय माणिकबागेच्या सजावटीचा अर्थ लागत नाही. त्याचे वडील हेर्मान मुथेसियस लंडनच्या जर्मन वकिलातीत काही वर्षे काम करीत होते. इंग्रजी घरांचा अभ्यास करून त्यांनी त्या विषयावर त्रिखंडात्मक ग्रंथ लिहिला. इ.स. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या डॉइचर वेर्कबुंड या कलाकार व उद्योजकांच्या संघटनेचे ते एक प्रवर्तक होते. ग्लासगोचा वास्तुविशारद चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश त्यांचा मित्र होता आणि तोच एकार्टचा धर्मपिता झाला.

आरंभीच्या आधुनिक सजावटकारांनी घरातील ज्या खोलीवर सर्वाधिक प्रयोग केले ती खोली म्हणजे भोजनगृह. याचे कारण सहज समजण्याजोगे आहे. भोजनगृहात वस्तू मोजक्या असतात: मेज, खुर्च्या, दिवा, कपाट आणि भांडी. सर्वांनी एका जागी काही काळ बसून राहायचे असल्याने प्रकाश, रंग व प्रमाण यांचा परिणाम तेथे लगेच जाणवतो. मॅकिन्टॉशने ग्लासगोत मिस क्रॅन्स्टन यांच्या चहागृहांसाठी उंच पाठीच्या खुर्च्या तयार केल्या. मेजाभोवती मांडल्यावर त्या पाठींचा जणू एक आडोसा तयार होई आणि मोठ्या दालनात बसणाऱ्यांसाठी लहानशी खोली निर्माण होई. इ.स. १९०१ मध्ये एका जर्मन स्पर्धेसाठी त्याने काढलेल्या कलारसिकाच्या घराच्या आराखड्यातही भोजनगृहाला महत्त्वाचे स्थान होते. तो आराखडा छापून आला तेव्हा त्याची प्रस्तावना हेर्मान मुथेसियस यांनी लिहिली होती. पुढे ब्रसेल्समधील स्टोकले भवनात योझेफ हॉफमान याने भोजनगृहाची संपूर्ण रचना केली आणि त्याच्या भिंतींवर गुस्टाव्ह क्लिम्टच्या रेखाटनांवरून जडावकामाचे पट्टे बसविण्यात आले.

या सर्व कामांमागे एकच तत्त्व होते. भिंत, मेज, दिवा आणि चमचा या सुट्या वस्तू नसून एकाच रचनेचे भाग आहेत, असे ते मानीत. पहिल्या महायुद्धानंतर या तत्त्वाला पोलादी नळ्या, अॅल्युमिनियम, काच आणि कृत्रिम चामडे या नव्या साहित्याची जोड मिळाली. एकार्ट मुथेसियस इंदूरला आला तो हा वारसा घेऊनच.

माणिकबाग

माणिकबागेचे काम इ.स. १९३० मध्ये सुरू झाले आणि इ.स. १९३३ च्या सुमारास पूर्ण झाले. वास्तूचा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा आहे. घुमट, छत्र्या, कमानी व महिरपी यांना येथे पूर्ण फाटा देण्यात आला. साध्या भिंती, सरळ आडव्या रेषा आणि धातूच्या चौकटींच्या खिडक्या हे तिचे बाह्यरूप होय. माळव्यातील उन्हाळ्याचा विचार करून वाड्यात वातानुकूलनाची सोय करण्यात आली होती. भारतातील आरंभीच्या वातानुकूलित निवासस्थानांत माणिकबागेची गणना होते.

दिवे, दारे, कपाटे व आसने यांपैकी पुष्कळ गोष्टी मुथेसियसने स्वतः योजिल्या. त्याने वाचनासाठी केलेल्या लाल रंगाच्या आरामखुर्च्या विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांत दिवे खुर्चीतच बसविलेले होते, त्यामुळे वाचणाऱ्याला वेगळा दिवा जवळ ओढावा लागत नसे. उरलेल्या वस्तूंसाठी महाराजांनी व मुथेसियसने त्या काळच्या उत्तमोत्तम रचनाकारांकडे मागणी नोंदविली. महाराजांच्या कार्यालयासाठी एमिल-जाक रूलमान यांनी मकासर शिसवीचे मेज व अन्य सामान दिले. लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स यांनी काच व चकचकीत धातू यांचे पलंग केले. एलीन ग्रे यांची जहाजाच्या डेकवरील खुर्चीवरून सुचलेली आरामखुर्ची, तसेच ल कॉर्ब्युझिए, पिएर जान्नरे व शार्लोत पेरियाँ यांची पहुडण्याची खुर्ची वाड्यात आली. या दुसऱ्या खुर्चीवर बिबट्याचे कातडे चढविलेले होते. इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स यांचे भौमितिक नक्षीचे गालिचे दालनांत अंथरले गेले. हे सामान युरोपातील कार्यशाळांत तयार होऊन समुद्रमार्गे भारतात आले व तेथून इंदूरला पोचले.

एमिल लाइटनर या छायाचित्रकाराने पूर्ण झालेल्या वाड्याची छायाचित्रे घेतली. मूळ सजावट आज जागेवर उरलेली नसल्यामुळे माणिकबागेच्या अभ्यासात या छायाचित्रांना मोठे महत्त्व आहे.

भोजनगृह व भोजनसाहित्य

मराठी सरदार घराण्यांतील भोजनव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या पाट, चौरंग, चांदीचे ताट व वाट्या, रांगोळी आणि समया यांभोवती उभी होती. पंगतीत जेवणारे जमिनीलगत बसत, प्रत्येकाचे स्थान मानाप्रमाणे ठरलेले असे आणि खोलीची शोभा मुख्यतः त्या त्या प्रसंगापुरती मांडली व आवरली जाई. एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांच्या वाड्यांत पाश्चात्त्य पद्धतीची मेजवानीची दालने आली. लांबलचक मेज, कोरीव लाकडी खुर्च्या, जड पडदे आणि झुंबरे ही त्यांची लक्षणे होत. ब्रिटिश पाहुण्यांच्या सरबराईसाठी सजविलेली ही दालने घरच्या माणसांच्या नित्य जेवणाची जागा क्वचितच बनत.

माणिकबागेत या दोन्ही पद्धतींहून निराळा विचार दिसतो. दालनाची भव्यता अलंकरणावर न सोपविता ती मोकळी जागा, प्रमाणबद्धता, गुळगुळीत पृष्ठभाग आणि प्रकाश यांवर सोपविण्यात आली. झुंबराचे स्थान भिंती व छत यांच्याशी एकजीव केलेल्या काच व धातूच्या दिव्यांनी घेतले. अशा दिव्यांचा उजेड डोळ्यांत न जाता पसरून येतो. मेजावरील काच व चांदी त्यात स्पष्ट दिसते आणि बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर गडद सावल्या पडत नाहीत.

मेजावरील चांदीचे साहित्य ज्याँ प्युइफोर्का (इ.स. १८९७ - इ.स. १९४५) या फ्रेंच रौप्यकाराचे होते. प्युइफोर्का घराणे पिढीजात रौप्यकारांचे असले तरी ज्याँ यांनी जुन्या फुलापानांच्या नक्षीचा त्याग केला. वर्तुळ, शंकू, गोल व दंडगोल यांच्या आधारे आणि गणिती प्रमाणांचा विचार करून ते भांड्यांना आकार देत. इ.स. १९२९ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आधुनिक कलाकारांच्या संघाचे ते एक संस्थापक होते. त्यांच्या चांदीवर ठोकून काढलेली वेलबुट्टी नसते. सपाट व स्वच्छ पृष्ठभागावर पडणारा उजेड हीच तिची शोभा असते. अशा चांदीला साधी भिंत व शांत प्रकाशच मानवतो. नक्षीदार दालनात ती हरवून गेली असती. रौप्यकार व वास्तुविशारद एकाच दिशेने विचार करीत असल्याने चमच्यापासून छतापर्यंत एकच भाषा बोलली गेली, हे या सजावटीचे वैशिष्ट्य होय.

वाड्याचे काम चालू असतानाचा काळ जागतिक मंदीचा होता, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. शेतमालाचे भाव कोसळले होते आणि कापूस व गहू पिकविणाऱ्या माळव्यासारख्या प्रदेशाला त्याची झळ लागणे अपरिहार्य होते. वरवर साध्या दिसणाऱ्या या वस्तू अत्यंत महाग होत्या. त्या थोड्या संख्येने, कुशल कारागिरांच्या हातून घडविल्या जात. वेर्कबुंडच्या विचारात चांगली रचना सर्वसामान्यांच्या घरी पोचावी अशी आकांक्षा होती. माणिकबागेत मात्र ती एका राजदांपत्यापुरती साकार झाली. लालबागेच्या तुलनेत माणिकबाग लहान व आटोपशीर असली तरी तिच्या साधेपणाला काटकसर म्हणता येणार नाही.

चित्रे, छायाचित्रे व अलंकार

फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल यांनी यशवंतरावांची दोन प्रसिद्ध व्यक्तिचित्रे रंगविली. इ.स. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्त्य पद्धतीच्या काळ्या सायंवेषात आहेत. काही वर्षांनंतरच्या दुसऱ्या चित्रात ते मराठी दरबारी पोशाखात, पगडी व रत्नहारासह गादीवर बसलेले दिसतात. दोन्ही चित्रांतील रेषा तितकीच संयमित आहे. संयोगिताराजे यांचेही व्यक्तिचित्र त्याच चित्रकाराने काढले. मॅन रे या अमेरिकन छायाचित्रकाराने काढलेली या दांपत्याची छायाचित्रे अनौपचारिक असून त्यांत दरबारी थाटाचा मागमूस नाही.

'इंदूर पेअर्स' या नावाने ओळखले जाणारे नासपतीच्या आकाराचे दोन हिरे तुकोजीरावांनी इ.स. १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्यांकडून घेतले होते. यशवंतरावांच्या काळात मोबूसाँ या पेढीने ते नव्या घडणीच्या हारात बसविले. इ.स. १९४६ मध्ये ते हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याकडे गेले. यशवंतरावांना वेगवान मोटारींचाही शौक होता. त्यांच्यासाठी लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीने बांधणी केलेली ड्यूसेनबर्ग मोटार आजही मोटार संग्राहकांत विख्यात आहे.

ब्रांकुशी व न झालेले ध्यानमंदिर

रोशे यांच्यामार्फत यशवंतरावांचा संबंध पॅरिसमध्ये राहणाऱ्या कॉन्स्टँटिन ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराशी आला. त्याच्या 'अवकाशातील पक्षी' या मालिकेतील तीन शिल्पे महाराजांनी घेतली. त्यांपैकी एक ओपदार कांस्याचे, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचे होते. ही शिल्पे ठेवण्यासाठी इंदूर येथे एक ध्यानमंदिर बांधावे अशी कल्पना निघाली. मध्ये पाण्याचे कुंड, सभोवती तीन पक्षी आणि आत एकट्याने बसून चिंतन करावे अशी जागा, असे तिचे स्वरूप होते.

जुलै, इ.स. १९३७ मध्ये संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये अकाली निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांच्या आसपास होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी भारतात आला. तो इंदुरात राहिला. परंतु काम पुढे सरकले नाही आणि जानेवारी, इ.स. १९३८ मध्ये तो परतला. मंदिर कधीच बांधले गेले नाही. माणिकबाग ज्या दोघांसाठी उभारली गेली, त्यांनी त्या घरात एकत्र काढलेला काळ चार-पाच वर्षांहून अधिक भरत नाही.

मुथेसियसने महाराजांसाठी रेल्वेचा डबा, विमानाचा अंतर्भाग, नौका व फिरते घर यांचेही आराखडे केले. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी, इ.स. १९३९ मध्ये तो जर्मनीला परतला आणि इंदूरमधील त्याचे काम थांबले.

राज्यकारभार व राजकीय भूमिका

यशवंतरावांच्या काळात इंदूर शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी गंभीर नदीवर बांधलेला यशवंतसागर हा तलाव त्यांच्या नावाने ओळखला जातो. इ.स. १९३४ मध्ये स्थापन झालेला यशवंत क्लब व शहरातील महाराजा यशवंतराव रुग्णालय यांनाही त्यांचेच नाव आहे.

क्रिप्स शिष्टाई अयशस्वी झाल्यानंतर, मे, इ.स. १९४२ मध्ये यशवंतरावांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. हिंदुस्थान व ब्रिटन यांच्यातील वाद मिटविण्यासाठी मित्रराष्ट्रांनी मध्यस्थी करावी, अशी विनंती त्यात होती. ब्रिटिश सत्तेच्या अधीन असलेल्या संस्थानिकाने परराष्ट्राच्या प्रमुखाशी असा जाहीर संवाद साधणे असाधारण होते आणि वरिष्ठ सत्तेला ते रुचणे शक्य नव्हते.

इ.स. १९४७ मध्ये मात्र त्यांची भूमिका दोलायमान राहिली. भोपाळचे नवाब हमीदुल्लाखान यांच्याशी त्यांचे सूत जुळलेले होते. भारतात सामील होण्याबाबत त्यांनी बराच काळ निर्णय लांबविला. अखेर ऑगस्ट, इ.स. १९४७ मध्ये त्यांनी सामीलनाम्यावर सही केली. २८ मे, इ.स. १९४८ रोजी मध्य भारत राज्याचे उद्घाटन झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. १ नोव्हेंबर, इ.स. १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत मध्य भारत मध्य प्रदेशात मिळाले, तेव्हा हे पद संपुष्टात आले.

क्रिकेटला आश्रय

कर्नल सी. के. नायडू तुकोजीरावांच्या काळातच इंदूरला आले होते. यशवंतरावांच्या आश्रयाखाली त्यांच्या नेतृत्वात होळकर संघ देशातील अग्रगण्य संघ बनला. इ.स. १९४४-४५ ते इ.स. १९५४-५५ या अकरा हंगामांत या संघाने दहा वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि इ.स. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असे चार वेळा विजेतेपद मिळविले. इंदूरचेच सुपुत्र मुश्ताक अली या संघाचे भूषण होते. महायुद्धानिमित्त भारतात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन इ.स. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध खेळले व त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. तरीही विजय मुंबईचा झाला.

उत्तरायुष्य व मृत्यू

संयोगिताराजे यांच्या निधनानंतर इ.स. १९३८ मध्ये यशवंतरावांनी मार्गरेट लॉलर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. इ.स. १९४३ मध्ये घटस्फोट झाल्यावर त्यांनी युफेमिया क्रेन यांच्याशी तिसरा विवाह केला. त्यांचे वास्तव्य या काळात अमेरिकेतील कॅलिफोर्नियातही असे. पहिल्या विवाहापासून त्यांना एक कन्या आणि तिसऱ्या विवाहापासून एक पुत्र झाला. पुत्राची आई परदेशी असल्याने वारशाचा प्रश्न निर्माण झाला आणि केंद्र सरकारच्या संमतीने कन्या उषाराजे यांना वारस ठरविण्यात आले. ५ डिसेंबर, इ.स. १९६१ रोजी यशवंतरावांचे मुंबई येथे निधन झाले. मृत्युसमयी ते त्रेपन्न वर्षांचे होते.

संग्रहाची पांगापांग व वारसा

यशवंतरावांच्या निधनानंतर माणिकबागेची वास्तू सरकारी वापरात गेली आणि तेथे केंद्रीय उत्पादन शुल्क विभागाचे कार्यालय आले. वाड्यातील सामान घराण्याच्या ताब्यातून बाहेर पडले. २५ मे, इ.स. १९८० रोजी मोनाको येथे सदबीज या पेढीने त्यातील मोठ्या भागाचा लिलाव केला. एका घरासाठी, एकमेकांशी जुळवून घडविलेल्या वस्तू त्या दिवसापासून निरनिराळ्या देशांतील खाजगी संग्रहांत व संग्रहालयांत विखुरल्या गेल्या. ब्रांकुशीचे काळ्या व पांढऱ्या संगमरवराचे पक्षी त्यापूर्वीच, इ.स. १९७३ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले होते. ते कॅनबेरा येथे आहेत. कांस्याचा पक्षी अमेरिकेत पॅसाडीना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे.

या लिलावाचा एक परिणाम असा झाला की युरोपातील अभ्यासकांचे लक्ष माणिकबागेकडे नव्याने वेधले गेले. इ.स. २०१९-२० मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने यशवंतरावांवर स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्यात माणिकबागेतील सामान, मुथेसियसची रेखाटने, प्युइफोर्काची चांदी, व्यक्तिचित्रे व लाइटनरची छायाचित्रे अनेक वर्षांनी एकत्र मांडली गेली. इंदूरमध्ये मात्र वाड्याच्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत. ज्या दालनांसाठी हे सर्व साहित्य घडले, तेथे ते आज पाहावयास मिळत नाही.

भारतातील आधुनिक वास्तुकलेचा आरंभ पुष्कळदा इ.स. १९५० नंतरच्या चंदीगढपासून मोजला जातो. ल कॉर्ब्युझिए व पिएर जान्नरे यांची खुर्ची त्याच्या सुमारे वीस वर्षे आधी माळव्यातील एका मराठी राजाच्या घरात येऊन पोचली होती, ही गोष्ट त्या इतिहासात यशवंतराव होळकरांचे स्थान निश्चित करण्यास पुरेशी आहे.